चीन मंदावला की आपला सेन्सेक्स का आपटतो?

कडेपठार · २४ ऑगस्ट २०१५, रात्री ९:४०

आज सेन्सेक्स १,६२४ अंश खाली, २५,७४१ वर बंद. निफ्टी ४९० अंश घसरून ७,८०९. एका दिवसातली अंशांमधली ही आजवरची सर्वांत मोठी पडझड. टक्क्यांत मोजलं तर ५.९४. २१ जानेवारी २००८ ला ७.४ टक्के गेले होते आणि त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला जवळपास ११, तेव्हा वाहिन्यांवरच्या 'ऐतिहासिक' वगैरे आरोळ्या जरा बाजूला ठेवू. शांघाय ८.५ टक्के पडलं. डॉलर ६६ रुपये ६० पैशांच्या आसपास गेला. मी हे टंकतोय तेव्हा अमेरिकेचा डाऊ उघडल्या उघडल्या हजारभर अंश खाली जाऊन जरा सावरतोय.

कारण सगळे एकच सांगतायत: चीन. ११ तारखेला त्यांच्या मध्यवर्ती बँकेनं युआन एका फटक्यात १.९ टक्क्यांनी उतरवला. परवा शुक्रवारी त्यांच्या कारखानदारीचा पीएमआय (खरेदी अधिकाऱ्यांच्या पाहणीतून काढलेला निर्देशांक, ५० च्या खाली म्हणजे घट) ४७.१ आला, साडेसहा वर्षांतला नीचांक. इथपर्यंत मान्य.

पण मला न कळणारी गोष्ट पुढे आहे. २०१४-१५ मध्ये आपली एकूण निर्यात साधारण ३१० अब्ज डॉलर. त्यातली चीनला गेली १२ अब्जांची, म्हणजे चार टक्क्यांच्या आत. उलट तिकडून ६० अब्जांचा माल आपण आणतो. मग तिकडची मागणी आटली म्हणून इथे गृहकर्ज देणाऱ्या कंपनीनं आणि केसतेल विकणाऱ्या कंपनीनं का मार खावा? कच्चं तेल गेल्या वर्षी जूनमध्ये ११५ डॉलर होतं, आज ४३ आहे. तेल आयात करणाऱ्या देशाची तर दिवाळी व्हायला हवी. जाणकारांनी उजेड पाडावा.

कोपरखळी · रात्री ९:५२

आमच्या ऑफिसातले एक काका दुपारी म्हणाले, "मंदी चायना मेड आहे ना, चार दिवसांत बंद पडेल." जागा धरून बसलोय, येऊ द्या प्रतिसाद.

नवशिकी_नेहा · रात्री १०:०५

माझी पहिलीच नोकरी, जानेवारीत म्युच्युअल फंडात महिन्याच्या हप्त्याची एसआयपी सुरू केली आणि आता मुद्दलही कमी दिसतंय. बंद करू का? घरचे म्हणतायत आधीच सांगितलं होतं, एफडी कर.

खंडाळाघाट · रात्री ११:१५

कडेपठार, प्रश्न बरोबर आहे, पण तुम्ही मालाच्या वाटेनं उत्तर शोधताय. आज जे झालं ते पैशाच्या वाटेनं झालं. परदेशी फंडांच्या हिशेबाच्या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून थोडं आतलं सांगतो.

बोस्टनमधला किंवा लंडनमधला पेन्शन फंड बहुतेक वेळा 'भारत' असा सुटा विकत घेत नाही. तो 'उभरत्या बाजारपेठा' असा एकगठ्ठा माल घेतो. त्या गठ्ठ्यात चीन जवळपास चौथाई, मग कोरिया, तैवान, ब्राझील, दक्षिण आफ्रिका वगैरे, आणि भारत आठेक टक्के. चीननं युआन उतरवला की त्या फंडाच्या बैठकीत एका ओळीचा ठराव होतो: उभरत्या बाजारांतलं प्रमाण कमी करा. भारताची चीनला निर्यात चार टक्के आहे की चाळीस, हा विषयच तिथे निघत नाही. इंडेक्स फंड असेल तर बैठकही लागत नाही. गुंतवणूकदारानं युनिट परत केले की गठ्ठ्यातल्या प्रत्येक देशातलं आपोआप विकलं जातं.

त्यात आपलं दुर्दैव असं की आपण बरे आहोत. अडचणीच्या वेळी घरातलं आधी सोनं मोडतात, वादातली जमीन नाही, कारण सोन्याला त्याच दिवशी गिऱ्हाईक मिळतं. परदेशी फंडाच्या दृष्टीनं आपल्या मोठ्या खासगी बँका आणि आयटी कंपन्या म्हणजे हे सोनं: हवा तेवढा माल, तासाभरात रोकड, आणि पदरात नफाही. चीनमधल्या शेअरवर तर जुलैपासून विक्रीचे निर्बंध आलेत. ज्यात विकता येतं त्यात विक्री होते. आज परदेशी संस्थांनी रोखीच्या बाजारात पाच हजार कोटींच्या वर माल काढला. देशी संस्थांनी चार हजार कोटींच्या आसपास उचलला नसता तर आकडा आणखी वाईट दिसला असता.

शिवाय उधारीवर घेतलेला माल असतो. सकाळच्या पडझडीनंतर ब्रोकरकडून मार्जिनचे फोन सुरू होतात: पैसे भरा, नाहीतर विकतो. माणूस पैसे भरू शकत नाही, मग त्याच्या खात्यातलं जे विकलं जाईल ते विकलं जातं. केसतेलवाली कंपनी तिथे सापडते. तिचं चीनशी काही देणंघेणं नसतं.

म्हणून आज पडलेले सगळे शेअर एकाच कारणानं पडले असं धरू नका. वेदांत आणि टाटा स्टीलही पडले आणि बँकाही पडल्या. बँकांमधला पैसा परत येईल. धातूंच्या बाबतीत मी तसं म्हणणार नाही.

वसंतराव_निवृत्त · २५ ऑगस्ट, सकाळी ७:३०

नेहाताई, एसआयपी बंद करायची असेल तर ती पैशाची गरज असेल तेव्हा करा, सेन्सेक्स पडला म्हणून नको. पाच-सात वर्षं हात लावायचा नसेल तर आज कमी भावात जास्त युनिट मिळतात, इतकंच त्यात आहे. वर्षभरात लग्न किंवा घर असेल, तर मात्र तो पैसा शेअरमध्ये ठेवूच नये, चीन असो वा नसो.

बाकी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राजनसाहेब काल मुंबईत म्हणालेच आहेत की रुपया सावरायला परकीय गंगाजळी वापरायला मागेपुढे पाहणार नाही. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉलर ६८.८० ला गेला होता तेव्हा चालू खात्यातली तूट आपल्या गळ्याशी आली होती. यंदा तेल उतरल्यामुळे तशी स्थिती नाही.

पूर्वेकडे · २५ ऑगस्ट, दुपारी ४:१०

शांघायहून लिहितोय, इथे नोकरीनिमित्त राहतो. आजही ७.६ टक्के पडलं. तुमच्याकडे २९० अंश वर बंद झालेलं पाहिलं, म्हणजे खंडाळाघाट म्हणतात त्यात तथ्य दिसतंय.

आमच्या घराजवळ एका ब्रोकरचं सभागृह आहे. तिथे दिवसभर निवृत्त मंडळी बसलेली असतात. हातात चहाचा थर्मास, सूर्यफुलाच्या बिया सोलत मोठ्या फलकाकडे बघत. इथे भाव चढला की आकडा लाल आणि उतरला की हिरवा, आपल्या उलट. नवीन असताना मला वाटायचं रोज काहीतरी अनर्थ होतोय. आज अख्खा फलक हिरवागार होता आणि कुणी काही बोलत नव्हतं.

लक्षात घ्या, इथल्या बाजारातली बहुतांश उलाढाल अशा किरकोळ लोकांची आहे, संस्थांची नाही. एप्रिलमध्ये सरकारी वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर छापून आलं की ४,००० ही तर तेजीची सुरुवात आहे. लोकांनी उधारी काढून घेतलं. जूनच्या मध्यापर्यंत मार्जिनवरची उधारी दोन लाख कोटी युआनच्या वर गेली आणि १२ जूनला निर्देशांक ५,१६६ वर पोचला. पुढच्या तीनेक आठवड्यांत तीस टक्के गेले. मग सरकार उतरलं. नवे आयपीओ, म्हणजे कंपन्यांची पहिली शेअरविक्री, बंद. पाच टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेल्यांना सहा महिने विक्रीबंदी. २१ ब्रोकरांनी मिळून १२० अब्ज युआन ओतले. एका टप्प्यावर निम्म्या कंपन्यांनी आपल्या शेअरचे व्यवहारच थांबवून घेतले होते.

एक मात्र सांगतो. इथला शेअर बाजार आणि इथली अर्थव्यवस्था यांचं नातं फार सैल आहे. बाजार दुप्पट झाला तेव्हा कारखाने आधीच मंदावलेले होते. त्यामुळे 'शांघाय पडलं म्हणजे चीन बुडाला' हे बरोबर नाही, आणि 'सरकारनं शांघाय सावरलं म्हणजे चीन वाचला' हेही नाही.

साशंक · २५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:०२

चीन मंदावला म्हणजे नक्की किती? पहिल्या तिमाहीत विकासदर ७.०. दुसऱ्या तिमाहीत ७.०. सरकारचं उद्दिष्ट? सुमारे ७. इतका शिस्तीचा विकासदर मी तरी पाहिला नाही.

पंतप्रधान ली कछ्यांग २००७ मध्ये ल्याओनिंग प्रांताचे पक्षप्रमुख होते. तेव्हा ते अमेरिकेच्या राजदूतांना म्हणाले होते की जीडीपीचे आकडे माणसांनी बनवलेले असतात, मी स्वतः तीनच गोष्टी बघतो: विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जं. विकिलीक्सच्या कागदांत ते बाहेर आलं. आता त्यांच्याच मापानं बघा. या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत वीजनिर्मितीची वाढ एक टक्कासुद्धा नाही, रेल्वेची मालवाहतूक दहाएक टक्क्यांनी घटली. बाजाराला भीती सात टक्क्यांवरून साडेसहाची नाही. खरा आकडा कुणालाच माहीत नाही, ही भीती आहे.

पूर्वेकडे · संध्याकाळी ६:४०

साशंक, ते तीन आकडे जड उद्योगांच्या प्रांतासाठी ठीक होते. आता इथे सेवाक्षेत्र कारखानदारीपेक्षा मोठं झालंय. मोबाइलवरून जेवण मागवायला रेल्वेची वाघीण लागत नाही. विकासदर सातपेक्षा कमी असावा हे मलाही वाटतं, पण शून्याजवळ आहे म्हणणारे अतिशयोक्ती करतायत. आत्ताच बातमी आली, व्याजदर पाव टक्का आणि बँकांचं राखीव प्रमाण (ठेवींतला मध्यवर्ती बँकेकडे ठेवायचा हिस्सा) अर्धा टक्का कमी केलंय.

कुळागर · २५ ऑगस्ट, रात्री १०:२०

मालाच्या वाटेचं कुणी लिहीत नाही म्हणून गोव्यातून मी लिहितो. आमच्याकडे चीन मंदावला हे कळायला सेन्सेक्स लागत नाही.

गोव्याचं लोहखनिज कमी प्रतीचं, बरंचसं ५८ टक्के लोहाच्या आतलं. जपान पूर्वी घ्यायचा. पुढे चीनची भूक एवढी वाढली की त्यांनी असलं खनिजही उंची खनिजात मिसळायला उचललं. २०१०-११ ला गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर माल गेला. त्या काळात सांगे, केपे, सावर्डे भागात ज्याच्याकडे थोडी ऐपत होती त्यानं कर्ज काढून ट्रक घेतला, काहींनी नदीतून खनिज नेणारी बार्ज घेतली. २०११ च्या सुरुवातीला चांगल्या प्रतीच्या खनिजाला टनाला १९० डॉलरच्या आसपास भाव होता.

मग बेकायदा खाणींचं प्रकरण, ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी, एप्रिल २०१४ ला ती उठली पण वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेवर. या महिन्यात कोडलीची खाण पुन्हा चालू झाली म्हणून पेढे वाटले. पण आता भाव आहे ५५ डॉलरच्या आसपास, तोही चांगल्या प्रतीचा. आमच्या मालाला त्याहून कमी. वर निर्यात शुल्क, बार्जचं भाडं, रॉयल्टी. सावर्डेच्या रस्त्यावर ट्रक लागलेत ते तुम्ही येऊन बघा: टायर उन्हानं तडकलेले, बॉनेटवर वेल चढलेली, काचेवर अजून जुनी पावती चिकटवलेली. न्यायालयानं बंदी उठवली तरी चीनची ती भूक परत आणून देणार कोण?

खाण कंपनीचा शेअर घेणाऱ्यांनी एवढं बघावं. न्यायालयाचा निकाल आला की शेअर उडतो. भाव मात्र डालियान आणि सिंगापूरच्या वायदेबाजारात ठरतो.

पांढरं_सोनं · २५ ऑगस्ट, रात्री ११:०५

जरा अवांतर, पण गोवेकर भाऊंनी विषय काढलाच आहे तर यवतमाळचंही ऐका राजेहो. चीननं २०११ पासून तीन वर्षं सरकारी गोदामांत कापूस भरला, जगातल्या साठ्याच्या निम्म्याहून जास्त म्हणतात. तोवर आमच्या कापसाले भाव होता. २०१४ मध्ये त्यांनी धोरण बदललं, साठा करणं बंद. बाजारात भाव हमीभावाच्या खाली, ४,०५० रुपये क्विंटलसाठी सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर गाड्यांच्या रांगा. २०११ मध्ये सात हजारांच्या घरातला भाव पाह्यलेले लोक आम्ही. आमच्यात कोणी शेअर घेत नाही, पण सूतगिरण्यांचे शेअर घेणाऱ्यानं बीजिंगच्या गोदामात काय पडून आहे ते आधी पाहावं.

भोसरीकर · २६ ऑगस्ट, सकाळी ८:१५

सगळे रडतायत म्हणून दुसरी बाजू. माझं छोटं प्रेसशॉप आहे, गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवतो. चीननं गेल्या वर्षी नऊ कोटी टनांवर पोलाद बाहेर विकलं. आपला अख्खा देश वर्षाला तेवढं बनवत नाही. तिकडे बांधकाम थंडावलं, भट्ट्या मात्र बंद करता येत नाहीत, कारण प्रत्येक भट्टीमागे एक प्रांत आणि त्याच्या नोकऱ्या. मग मिळेल त्या भावात बंदरात माल.

सहा महिन्यांपासून कॉइलचा, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीचा, दर दर महिन्याला उतरतोय. कच्चा माल स्वस्त म्हणून मी खूश असायला हवं ना? तसं नाही. दर उतरला की मोठ्या गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाचा फोन त्याच आठवड्यात येतो: तुमचाही दर कमी करा. आणि माझ्या गोदामात जुन्या दरानं घेतलेला पत्रा पडलेला असतो. फायदा होतो तो गाडी बनवणाऱ्या कंपनीचा. तेव्हा चीन मंदावला की वाहन कंपन्या घ्या, असं कुणी म्हणालं तर माझा आक्षेप नाही.

दोन_आण्याचं_मत · २६ ऑगस्ट, सकाळी ९:००

भोसरीकर, वाहन कंपन्यांतही फरक करा. टाटा मोटर्सचा जून तिमाहीचा एकत्रित नफा ४९ टक्क्यांनी घसरला, कारण चीन. त्यांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरची जवळपास चौथाई विक्री गेल्या वर्षी चीनमध्ये होती, आणि महागड्या गाड्यांची म्हणजे नफ्यातला वाटा त्याहून मोठा. शेअर भारतीय, कारखाना इंग्लंडमध्ये, आणि श्वास चीनच्या श्रीमंतांच्या हातात. त्यात १२ तारखेला त्यानजिन बंदरावर जो स्फोट झाला, तिथे त्यांच्या हजारो गाड्या उभ्या होत्या.

दुचाकी बनवणाऱ्या कंपनीला यातलं काही लागू नाही. तिला स्वस्त पत्राही मिळतो आणि स्वस्त पेट्रोलमुळे गिऱ्हाईकही.

कडेपठार · २६ ऑगस्ट, रात्री ९:१०

सर्वांचे आभार, धागा काढल्याचं सार्थक झालं. मला समजलं ते असं: पैशाची वाट वेगवान आणि आंधळी, मालाची वाट संथ पण खोल. पहिल्या वाटेनं पडलेलं घ्यावं, दुसऱ्या वाटेनं पडलेलं घेताना दहा वेळा विचार करावा. बरोबर?

खंडाळाघाट · रात्री ९:३४

बरोबर, एक पुरवणी. पहिल्या वाटेचं तोंड चीनमध्ये नाही, वॉशिंग्टनला आहे. सप्टेंबरमध्ये फेड, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, व्याजदर वाढवणार का यावर सगळ्यांची नजर आहे. डॉलरवर घरबसल्या व्याज मिळू लागलं की गठ्ठा आणखी हलका करतील. चीन हे निमित्त.

दोन_आण्याचं_मत · ९ नोव्हेंबर २०१५, सकाळी १०:३०

त्यानजिनचा हिशेब आला. सुमारे ५,८०० गाड्या, २४.५ कोटी पौंडांचा फटका, आणि टाटा मोटर्स तिमाहीत तोट्यात. मधल्या काळात फेडनं सप्टेंबरमध्ये दर वाढवला नाही, आणि आपल्या रिझर्व्ह बँकेनं २९ सप्टेंबरला एकदम अर्धा टक्का कमी करून ६.७५ वर आणला. काही पोलादाच्या आयातीवर २० टक्के सुरक्षा शुल्कही लागलं. भोसरीकर, दर चढले का हो?

भोसरीकर · ९ नोव्हेंबर २०१५, दुपारी १:४५

डीलर म्हणतो चढणार. आत्ता तरी चीनवालेच दर आणखी पाडून शुल्क भरून काढतायत.

पूर्वेकडे · ७ जानेवारी २०१६, दुपारी १२:२०

आज इथला बाजार अर्धा तासही चालला नाही. नव्या वर्षापासून नियम आणला: निर्देशांक पाच टक्के पडला तर पंधरा मिनिटं थांबायचं, सात टक्के पडला तर दिवसभराची सुट्टी. सोमवारी पहिल्याच दिवशी दोन्ही लागले. आज पुन्हा. झालंय असं की चार टक्के पडलं की लोक म्हणतात, दार बंद व्हायच्या आत बाहेर पडा. घबराट थांबवायला केलेल्या नियमानंच घबराट वाढली.

कोपरखळी · दुपारी १२:३१

आपल्या सरकारी कार्यालयांची वेळ यांना कुणी सांगितली?

पूर्वेकडे · ८ जानेवारी २०१६, सकाळी ९:०५

नियम आजपासून स्थगित. चार दिवसांत आणला आणि गुंडाळला.

कडेपठार · ११ फेब्रुवारी २०१६, रात्री ८:५०

सेन्सेक्स ८०७ अंश खाली, २२,९५१. निफ्टी ७,००० च्या आत. ऑगस्टच्या त्या दिवशी घाबरून विकणारेच शहाणे ठरले म्हणायचे का? चीनचा २०१५ चा विकासदर ६.९ टक्के आला, २५ वर्षांतला सर्वांत कमी. तेल गेल्या महिन्यात २८ डॉलरच्या खाली जाऊन आलं.

वसंतराव_निवृत्त · रात्री १०:१५

कडेपठारजी, आजच्या पडझडीचं खापर चीनवर फोडू नका. स्टेट बँकेचा तिमाही नफा आज जाहीर झाला, ६२ टक्क्यांनी घसरलाय. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना वह्या उघडायला लावल्यात, जी कर्जं नूतनीकरण करून करून 'चांगली' दाखवली होती ती आता बुडीत दाखवावी लागतायत. मी आयुष्य बँकेत काढलं. ही कर्जं २००९ ते २०११ च्या उत्साहात दिली गेली.

पण गंमत बघा, त्या वह्यांत कोण आहे? पोलाद कंपन्या. चीनची भूक कायम राहील, भाव चढेच राहतील असं धरून भट्ट्या उभारल्या, कर्जं आमच्या सरकारी बँकांनी दिली. चीनच्या मागणीनं भाव चढला आणि चीनच्या स्वस्त मालानं पाडला. ऑगस्टात तुम्ही विचारलं होतं की बँकांचा चीनशी काय संबंध. थोडा आहे. त्याला वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर यायला वेळ लागतो.

साशंक · रात्री १०:४०

आणि सगळा दोष चीनला देणंही सोयीचं आहे. कोळशाच्या खाणींचं वाटप रद्द झालं, प्रवर्तकांनी भांडवलाच्या नावाखाली कर्जच दाखवलं, बँकांनी डोळे मिटले. पण मुद्दा पटला.

नवशिकी_नेहा · २ नोव्हेंबर २०२४, सकाळी ११:२०

जुना धागा वर काढतेय, माफी असावी. एसआयपी बंद केली नव्हती वसंतराव काका, चालूच आहे. सदस्यनाम बदलायचं राहून गेलंय.

आता उलटाच प्रकार चाललाय म्हणून लिहितेय. २४ सप्टेंबरला चीनच्या मध्यवर्ती बँकेनं मोठं पॅकेज काढलं. राखीव प्रमाण अर्धा टक्का कमी, शेअर घेण्यासाठी संस्थांना ५०० अब्ज युआनची सोय. ३० सप्टेंबरला तिकडचा सीएसआय ३०० निर्देशांक एका दिवसात साडेआठ टक्के चढला, आपला सेन्सेक्स त्याच दिवशी १,२७२ अंश पडला. ८५,९७८ चा उच्चांक करून महिनाभरात ७९ हजारांवर आलोय. २०१५ मध्ये चीन पडला म्हणून आपण पडलो आणि आता चीन चढला म्हणून आपण पडतोय?

खंडाळाघाट · दुपारी १२:०५

अहो नेहाताई, तोच गठ्ठा. २०१५ मध्ये गठ्ठा हलका केला, या वेळी गठ्ठ्याच्या आतली मांडणी बदलली. २०२१ मध्ये तिकडची बडी बांधकाम कंपनी एव्हरग्रँड बुडायला लागली, घरबांधणी कोसळली, तेव्हापासून फंडांनी चीन कमी करत भारत वाढवला होता. आपले शेअर महाग झाले, तिकडचे कवडीमोल. सरकार पाठीशी उभं राहतंय दिसल्यावर महाग विकून स्वस्त घेतलं. ऑक्टोबरमध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी ९४ हजार कोटींच्या आसपास शेअर विकले. करोनाच्या मार्च २०२० मध्ये हाच आकडा ६२ हजार कोटी होता.

मात्र एक मोठा बदल झालाय. एप्रिल २०१६ मध्ये महिन्याला एसआयपीतून ३,१२२ कोटी यायचे. सध्या २४-२५ हजार कोटी येतायत. ऑक्टोबरमध्ये देशी संस्थांनी एक लाख कोटींहून जास्त खरेदी केली. एवढी विक्री २०१५ सारख्या छोट्या देशी पैशावर आदळली असती तर आठ टक्क्यांवर भागलं नसतं.

साशंक · दुपारी १:१५

यात टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. परदेशी फंडांनी चढ्या भावात विकलं आणि नेहासारख्या लाखो जणांच्या पगारातून कापलेल्या पैशानं ते घेतलं. विकणारा खूश होऊन गेला. आधार दिला म्हणता तो कुणाला दिला, एवढं सांगा.

खंडाळाघाट · दुपारी १:४०

प्रश्न रास्त आहे. महिन्याच्या हप्त्यानं घेणाऱ्याला भाव विचारायची सोयच नसते, फंड मॅनेजरला मात्र असते. तो रोख धरून ठेवू शकतो. काहींनी ठेवलीय, बहुतेकांनी नाही. पुढच्या दोन वर्षांत कंपन्यांचे नफे वाढले नाहीत तर तुम्ही म्हणता तेच खरं ठरेल.

वसंतराव_निवृत्त · संध्याकाळी ५:२०

नेहा, आनंद झाला. माझं बँकांचं भाकीत खरं ठरलं तेही नोंदवतो: २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं दिवाळखोरी न्यायालयात पाठवायला जी पहिली १२ खाती निवडली त्यात पाच पोलाद कंपन्या होत्या. एस्सार स्टील आणि भूषण स्टील त्यातल्याच.

पूर्वेकडे · ७ एप्रिल २०२५, रात्री ९:००

मी आता सिंगापूरला असतो. आज हाँगकाँगचा हँगसेंग १३ टक्क्यांवर पडला, १९९७ नंतरचा सर्वांत वाईट दिवस. शांघाय सात टक्क्यांवर. सेन्सेक्स २,२२६. ट्रम्प यांचे शुल्क आणि चीनचं ३४ टक्क्यांचं प्रत्युत्तर. टक्क्यांत आपण तीनच्या आत राहिलो, तेव्हा कडेपठारांचा २०१५ चा नियम लावावा: अंश सोडा, टक्के बघा.

चीनचं खरं दुखणं मात्र शुल्काच्या आधीपासूनचं आहे. कारखान्याच्या दारातले भाव २०२२ च्या ऑक्टोबरपासून सतत उतरतायत. घरं विकली जात नाहीत, लोक खर्च करत नाहीत, लोकसंख्या घटतेय, कारखाने मात्र पूर्ण वेगात. अमेरिकेचं दार बंद झालं तर तो माल कुठे जाणार याचा विचार भोसरीकरांनी करून ठेवावा.

भोसरीकर · २२ एप्रिल २०२५, सकाळी ८:४०

विचार सरकारनंच केला. काल पोलादाच्या सपाट मालावर १२ टक्के सुरक्षा शुल्क लावलं, २०० दिवसांसाठी. चीननं गेल्या वर्षी ११ कोटी टन बाहेर विकलं, म्हणजे २०१५ चीच पातळी. फरक एवढाच की तेव्हा शुल्क यायच्या आधी दर पुरता झोपला होता, या वेळी आधीच चढायला लागलाय. आमचे चिरंजीव विचारतायत पोलाद कंपन्यांचे शेअर घेऊ का. मी म्हटलं, घे बाबा, माझ्या खिशातून जाणार ते निदान तुझ्या डीमॅटमध्ये येऊ दे. डीलरचा मेसेज सकाळी सातलाच आलाय, जुना दर फक्त उद्या संध्याकाळपर्यंत.